मोर्चात पाच हजार, सज्जावर एकटा



मोर्चाला पाच हजार माणसे जमतात. क्रांती चौकापासून आयुक्त कचेरीपर्यंत घोषणांनी रस्ता दणाणून जातो. आठ दिवसांनी त्यातलाच एक जण फेरफाराच्या कामासाठी तलाठ्याच्या सज्जावर जातो, तेव्हा तो एकटा असतो. मोर्चात आवळलेल्या मुठी तिथे जोडलेल्या असतात. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतलेला असतो. त्यात काय लिहिले आहे ते त्याला माहीत नसते, आणि अर्जाची पोच मागायची असते हेही ठाऊक नसते. तलाठ्याचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले, सातबारा संगणकावर आला, तरी दारातला माणूस तोच राहिला.

पाच हजारांचे बळ या एकट्यापर्यंत का पोचत नाही? माझे उत्तर असे आहे. मोर्चा माणसाला धीट करतो, पण तेवढ्याने तो जाणता होत नाही. जाणता होण्यासाठी गावातल्या दहा-बारा जणांनी महिन्यातून एकदा एका जागी बसावे लागते, कागद वाचावा लागतो, एकमेकांना विचारावे लागते. चळवळीत चालणे पुष्कळ झाले, बसणे कमी पडले. येत्या हंगामात जिल्ह्याने यावर काय करायचे, ते बैठकीपुढे ठेवण्यासाठी हा लेख.

रयत, मतदार, लाभार्थी

सरकारदरबारी आपल्याला आजवर मिळालेली नावे बघा. निजामाच्या राज्यात आपण रयत होतो. 1952 पासून निवडणुकीपुरते मतदार झालो. आता योजनांच्या याद्यांत लाभार्थी आहोत. रयतेने सारा भरायचा, मतदाराने मत द्यायचे, लाभार्थ्याने रांगेत उभे राहायचे. या तिन्ही नावांत प्रश्न विचारणारा कोणी नाही. राज्यघटनेने 1950 साली चौथे नाव दिले, नागरिक. हे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचले आणि तिथेच ठेवले.

मराठवाड्याच्या माणसाला तर या नावाची किंमत इतरांपेक्षा जास्त कळायला हवी. निजामाच्या राजवटीत 'गश्ती निशाण 53' नावाचा हुकूम होता. चार माणसांची सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी लागे. अशा दिवसांत 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. उघड सभेची चोरी होती म्हणून लोक वाचनालयाच्या, शाळेच्या, गणेशोत्सवाच्या निमित्ताने एकत्र बसत, वर्तमानपत्र वाचत, बोलत. त्या बसण्यातून स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे उभी राहणारी माणसे तयार झाली. 17 सप्टेंबर 1948 रोजी ती राजवट गेली.

आज परवानगी मागावी लागत नाही. उलट कायदाच सांगतो की वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्या. 24 एप्रिल 1993 पासून 73वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली. आजोबांना जे चोरून करावे लागले, ते नातवाला कायद्याने दिले आहे. आणि ग्रामसभेच्या दिवशी नातू पारावर बसून "तिथे जाऊन काय होणार" म्हणतो.

काय होते ते सांगतो. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे गावातले 15 टक्के मतदार किंवा 100 माणसे, यांतला जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसे जमली नाहीत की सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. मग पंधरा-वीस माणसांच्या सह्यांवर गावाचा वर्षाचा आराखडा आणि लाभार्थ्यांची यादी मंजूर होते. 2015 पासून वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला, म्हणजे ही सही आता पूर्वीपेक्षा महाग झाली. याला कोणी कारस्थान म्हणेल. पण खुर्ची मोकळी असली की त्यावर कोणीतरी बसणारच, त्याला कारस्थान लागत नाही. गावात किती जणांना हा तहकूब सभेचा नियम माहीत आहे, ते आपल्या गावात विचारून बघा.

हिशेब शिकलेला शेतकरी

शेतकऱ्याला कागद कळत नाही, हे शहरातल्या माणसाचे म्हणणे झाले. 1980 साली चाकणला कांद्याचे आंदोलन उभे राहिले, आणि पुढे आंबेठाणला शरद जोशींच्या शिबिरांत गावोगावचे शेतकरी बसले. तिथे चौथी शिकलेल्या माणसांनी क्विंटलमागे खर्च काढला. बियाणे, खत, बैलजोडीचे भाडे, आणि जी कोणी कधी धरत नव्हते ती घरच्या माणसांची मजुरी. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की "शेतकरी आळशी म्हणून गरीब" हे म्हणणे टिकत नाही. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायकांचे अधिवेशन झाले. घरच्या मजुरीच्या त्या हिशेबात आपले नाव कुठे, हा प्रश्न बायकांनी विचारला आणि पुढे बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली.

मुद्दा असा की ती माणसे ऐकायला जमली नव्हती, मांडायला बसली होती. पुढे तोच हिशेब भाषणातले एक वाक्य झाला. वाक्याला टाळ्या पडतात. पण या वर्षी आपल्या कपाशीला एकरी किती लागले, वेचणीला किलोमागे काय दिले, हे वहीत लिहिलेले शेतकरी एका गावात किती सापडतील? हमीभाव वाढवून मागायचा आणि खर्चाची वही नाही, म्हणजे फिर्याद आहे पण पुरावा नाही.

याची किंमत 2017 च्या हंगामात दिसली. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी पोखरली. राज्यात 2009 सालचा कापूस बियाण्यांचा कायदा आहे, त्याखाली तक्रार करायची तर 'जी फॉर्म' भरावा लागे. कोणते बियाणे, कोणत्या दुकानातून, किती पाकिटे, पावती. लाखो शेतकऱ्यांनी फॉर्म भरले. पण पावती? कोणी ती घेतलीच नव्हती. कोणी उधारीवर माल उचलला होता, त्याच्याकडे साधी चिठ्ठी होती. कोणाची पावती चुलीत गेली होती. बियाणे कंपन्यांकडून भरपाई घेण्याचा वाद पुढे सुनावण्यांत आणि कोर्टात रेंगाळला. पावती असती तर सगळ्यांना पैसे मिळाले असते असे मी म्हणत नाही. पण कंपनीच्या वकिलासमोर उभे राहायचे तर हातात कागद लागतो. अळी नंतर दिसली, कागद जूनमध्ये जपायचा होता. हे जूनमध्ये सांगणारे गावात कोणी नव्हते.

मेंढ्याचा अभ्यास गट

एकत्र बसून कागद वाचल्याने काय होते, हे महाराष्ट्रात बघायचे तर गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे बघावे. शंभराच्या आसपास घरांचे गोंडांचे गाव. देवाजी तोफा आणि तिथे 1980 च्या दशकात पोचलेले मोहन हिराबाई हिरालाल ही त्या गावाच्या संदर्भात येणारी दोन नावे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. घोषणा सगळ्यांनी उचलली, तिच्या मागची रीत कोणी उचलली नाही.

रीत अशी. गावात अभ्यास गट असतो. ज्याला यायचे तो येतो, बाहेरच्या जाणकारालाही बोलावतात. एखादा कायदा, एखादा प्रश्न घेऊन बसतात, वाचतात, शंका काढतात. पण अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, आणि तोही बहुमताने हात वर करून नाही, तर सर्वांची सहमती होईपर्यंत बोलून. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात मोठे शहाणपण आहे. जिथे लगेच निर्णय घ्यायचा असतो, तिथे माणूस आपली बाजू जिंकायला बोलतो. जिथे निर्णय नाही, तिथे "मला हे कळले नाही" म्हणायला लाज वाटत नाही. आणि नागरिकाचे शिक्षण "मला कळले नाही" या वाक्यापासूनच सुरू होते.

या बसण्याचे फळ काय मिळाले? वनहक्क कायदा 2006 साली झाला. मेंढ्याने दावा केला आणि 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी गावाने बांबू तोडून विकायचा म्हटले की वनखाते वाहतुकीचा परवाना देईना. 1927 च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोजलेला होता. गावाने 2006 च्या कायद्याची व्याख्या पुढे केली. त्यात गौण वनोपजांत बांबूचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. एका शब्दाच्या व्याख्येवर भांडण चालले. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिले. शंभर घरांच्या गावाकडे मंत्री चालत आले, कारण त्या गावाने कायद्याची ओळ वाचून पाठ केली होती.

आपले गाव मेंढा नाही

यावर कोणी म्हणेल, ते आदिवासींचे गाव, एका समाजाचे, सगळ्यांचे मिळून एक जंगल. आपली गावे दोन-तीन हजारांची. चार जाती, तीन पक्ष, भावकीची भांडणे. आपल्याकडे सामाईक म्हणावे असे जंगल नाही, भांडायला बांध मात्र आहे. हे म्हणणे खरे आहे आणि ते झटकून चालणार नाही. आपल्या गावात सगळ्यांची सहमती उद्या होणार नाही, कदाचित वीस वर्षांनीही होणार नाही.

पण शेजारच्या जालना जिल्ह्यातले कडवंची हे कोरडवाहूच गाव होते. 1996 ते 2002 या काळात तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम झाले. विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र त्यामागे होते. त्या कार्यक्रमाची अट कडक होती. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने आधी मान्य करायची, मग काम. आराखडाही कचेरीत बसून नाही, तर गट नंबरांप्रमाणे शेतमालकाला त्याच्याच बांधावर उभे करून केलेला. चराईबंदी म्हणजे काय ते शेळ्या पाळणाऱ्या घराला विचारा. अशा गोष्टी फर्मानाने होत नाहीत, बैठकीवर बैठक घ्यावी लागते. 2012 च्या दुष्काळातही कडवंचीच्या द्राक्षबागा उभ्या राहिल्या, त्या बांधांमागे या बैठका आहेत. कडवंचीतही भावकी होतीच. सगळ्या बाबतीत एक होण्याची वाट न पाहता, एका पाण्यापुरते एकत्र बसायचे ठरवले म्हणून काम झाले.

आणि वाचता न येणारे काय करणार, असे विचाराल तर राजस्थानकडे बघा. देवडुंगरी गावात 1990 साली मजदूर किसान शक्ती संघटन उभे राहिले. दुष्काळी कामावरचे मजूर आणि अल्पभूधारक शेतकरी, बरेचसे निरक्षर. 2 डिसेंबर 1994 रोजी कोट किराना गावात त्यांनी जनसुनवाई घेतली. केले काय? कामाचे हजेरीपट मिळवले आणि लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. नाव वाचले की माणूस उभा राहून सांगे, मी त्या कामावर कधी गेलोच नाही. ऐकणाऱ्याला अक्षर येण्याची गरज नव्हती, स्वतःचे नाव ओळखता येत होते. 1996 साली ब्यावरला याच माणसांनी 40 दिवस धरणे धरले. महाराष्ट्राचा माहितीचा कायदा 2002 साली आला आणि देशाचा 2005 साली. आज आपण दहा रुपयांचे तिकीट लावून जो माहितीचा अर्ज देतो, तो अशा निरक्षर माणसांच्या बैठकांतून जन्मला आहे.

गटाने काय वाचायचे

आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या गटाने सुरुवातीला फार लांब जाऊ नये. तीन कागद पुरेत.

पहिला, बियाण्याची पावती. जूनमध्ये गटातल्या प्रत्येकाने पावती आणि पाकिटावरची चिठ्ठी एका पिशवीत घालून ठेवायची. ज्याने उधार आणले त्याच्याबरोबर दोघांनी दुकानात जाऊन पावती मागायची. एकट्याला दुकानदार "नंतर देतो" म्हणतो, तिघांना म्हणायला कचरतो. याच वहीत एकरी खर्चही लिहायचा.

दुसरा, पीक कापणी प्रयोग आणि पैसेवारी. आपल्या ज्वारी-कपाशीचे उत्पन्न किती आले हे सरकार या दोन मार्गांनी ठरवते. पैसेवारी 50 च्या आत की वर, यावर टंचाईच्या सवलती ठरत आल्या. 2025 च्या खरिपात राज्याने एक रुपयातला पीक विमा बंद केला आणि भरपाईचे मोजमाप पीक कापणी प्रयोगावर आणले. तेव्हा आपल्या मंडळात प्रयोग कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी आहे, हे विचारून त्या दिवशी बांधावर हजर राहायचे. वजन होताना चार डोळे जास्त असले की काटा सरळ राहतो. यादी लागल्यावर विमा कंपनीच्या नावाने ओरडायला सगळे येतात, वजन होताना बांधावर कोणी नसते.

तिसरा, ग्रामपंचायतीचा आराखडा आणि जमाखर्च. ग्रामसभेच्या आधी गटात वाचायचा, दोन प्रश्न लिहून न्यायचे, आणि ठरावाच्या पुस्तकात ते प्रश्न नोंदवले गेले का ते सभेनंतर बघायचे. कागद दाखवत नसतील तर माहितीचा अर्ज. महाराष्ट्रात तो एका विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लिहावा लागतो. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. हे सगळे कोणा एका हुशाराला माहीत असून भागत नाही, गटातल्या प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करून बघावे.

इथे एक धोका सांगून ठेवतो. माहितीचे अर्ज टाकून तडजोडीचे पैसे घेणारी माणसे तालुक्याच्या गावी असतात, तुम्हाला ती ठाऊक आहेत. दलालाकडून सुटायला गट काढायचा आणि गटाचा हुशार माणूसच नवा दलाल व्हायचा, असे होऊ शकते. यावर उपाय एकच, वाचणारा दर बैठकीला बदलायचा आणि ज्याचे काम त्यानेच खिडकीवर जायचे. बाकीच्यांनी सोबत जावे, त्याच्याऐवजी जाऊ नये.

बसण्याची वेळही विचार करून ठरवावी. अमावास्येला आपल्याकडे औत धरत नाहीत, तो दिवस सोयीचा. पण बैठक संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला ठेवायची आणि नंतर म्हणायचे की बायकांना यात रस नाही, असे करू नये. कापूस वेचतात त्या, ज्वारी काढतात त्या, एकरी खर्च त्यांना पुरुषांपेक्षा नेमका सांगता येतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असे कायद्यात आहे. ती आपल्या गावात खरोखर भरते की नुसत्या सह्या होतात, एवढे एक जरी गटातल्या बायकांनी बघितले तरी पहिल्या वर्षाचे काम झाले. शेतमजुरांच्या घरातली माणसेही गटात हवीत. त्यांच्याशिवाय वेचणीच्या मजुरीचा हिशेब लिहिला तर तो अर्धाच हिशेब.

नेता आणि गट

कोणी म्हणेल, हे सगळे करायला नेते आहेत, आपण शेती करावी. नेते हवेतच. पण नेता आजारी पडला, पक्षात गेला किंवा दमला की चळवळ खाली बसते, हे आपण एकदा नाही, अनेकदा पाहिले. ज्या गावात दहा माणसांना कागद वाचता येतो, तिथे नेत्यालाही नीट बोलावे लागते, कारण ऐकणारा आकडा तपासून बघतो. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण एकट्या शहाण्यासाठी खरी होती. बारा शहाणे एकत्र आले तर पायरी चढावी की नाही, आणि कधी चढावी, हे ते ठरवू शकतात.

मोर्चे बंद करा असे हा लेख म्हणत नाही. कापसाचा भाव, आयातीचे धोरण हे गावच्या गटात सुटणारे प्रश्न नव्हेत, त्याला रस्त्यावरच यावे लागेल. पण हातात खर्चाच्या वह्या असलेले पाच हजार आणि रिकाम्या हाताचे पाच हजार यांत सरकारला फरक कळतो.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे तीन सूचना ठेवतो. ज्वारीची सुगी संपली की प्रत्येक तालुक्याने निदान पाच गावांत दहा-बारा जणांचे गट बसवावेत. प्रत्येक गटाने पहिली बैठक आपल्या गावच्या मागच्या ग्रामसभेचे ठराव वाचून सुरू करावी. आणि पुढच्या जिल्हा बैठकीत भाषणांच्या आधी एक तास राखून ठेवावा, ज्यात गटांनी आपल्या वह्या उघडून वाचाव्यात: एकरी खर्च किती आला, कोणत्या अर्जाला काय उत्तर मिळाले, कोणता मिळाला नाही. व्यासपीठावरच्यांनी त्या तासात खाली बसून ऐकावे.